हायडनची छोटी ऑर्गन मिस्सा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही रचना नेमकी कोणती?

ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन (१७३२–१८०९) याने १७७५च्या सुमारास लिहिलेली बी फ्लॅट मेजर या पट्टीतली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठराविक लॅटिन प्रार्थनांची संगीतरचना. तिचं पूर्ण लॅटिन नाव 'मिस्सा ब्रेविस सांक्ती योआनिस दे देओ', म्हणजे देवाच्या संत योहानाच्या नावाची लघु मिस्सा. जर्मन भाषक तिला 'क्लाइने ओर्गेलमेसे', छोटी ऑर्गन मिस्सा, असं म्हणतात. हायडनच्या रचनांच्या होबोकेन सूचीत तिचा क्रमांक २२:७ आहे.

किरिए, ग्लोरिया, क्रेडो (श्रद्धेची कबुली), सांक्तुस, बेनेडिक्टुस आणि आग्नुस देई हे नेहमीचे सहा भाग तिच्यात आहेत. सगळं मिळून सोळा-सतरा मिनिटांत आटोपतं. चार आवाजांचा (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) गायकवृंद, एकच एकल सोप्रानो गायिका, दोन व्हायोलिनच्या ओळी, खर्जाची तंतुवाद्यं आणि ऑर्गन, एवढाच संच.

'ऑर्गन मिस्सा' म्हणजे ती फक्त ऑर्गनवर वाजवायची का?

नाही. अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियात जवळपास प्रत्येक वृंद-मिस्सेत ऑर्गन असायचाच. त्याचं नेहमीचं काम पडद्यामागचं. खर्जाची ओळ लिहिलेली असे आणि तिच्यासोबत आकडे. त्या आकड्यांवरून वादक उजव्या हाताने स्वरमेळ भरत जाई. वृंदाला स्वरात धरून ठेवणं आणि पोकळी भरून काढणं, एवढीच अपेक्षा.

या मिस्सेतही बहुतेक वेळ ऑर्गन हेच काम करतो. पण बेनेडिक्टुस आलं की हायडन उजव्या हाताची ओळ स्वर न् स्वर लिहून देतो आणि ऑर्गन एकदम पुढे येऊन गायिकेच्या बरोबरीला बसतो. टोपणनाव मिळालं ते या एका भागामुळे.

संगीत नाटकात असायचा तो ऑर्गन हाच का?

नाव एक, वाद्यं दोन. मराठी रंगभूमीने आपलासा केलेला पायपेटीचा ऑर्गन हा रीड ऑर्गन. त्यात भात्याची हवा धातूच्या पातळ पट्ट्यांवरून जाते, पट्टी थरथरते आणि स्वर निघतो. हार्मोनियमचं तत्त्वही हेच. चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी लागते आणि बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात. नळ्यांच्या एका जातीच्या पूर्ण संचाला 'स्टॉप' म्हणतात. वादक हवे ते स्टॉप ओढून आवाजाचा पोत ठरवतो.

पाइप ऑर्गनची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हायडनच्या काळातल्या अशा लहान ऑर्गनवर बोटाच्या दाबाने स्वर लहानमोठा करता येत नाही. स्वर सुरू होतो तेव्हा जेवढा मोठा, संपतानाही तेवढाच. त्यामुळे वादकाचा सगळा भाव दोन स्वरांमध्ये किती जागा सोडायची आणि कुठला स्वर किंचित धरून ठेवायचा, यातून व्यक्त होतो. बेनेडिक्टुस ऐकताना हे लक्षात ठेवलं, तर चांगला वादक आणि नुसता अचूक वादक यांतला फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो.

देवाचे संत योहान कोण? संगीताशी त्यांचा काय संबंध?

संगीताशी थेट संबंध काही नाही. त्यांचा संबंध आजाऱ्यांशी. १४९५ साली पोर्तुगालमधल्या मोंतेमोर-ओ-नोवो गावात जन्मलेला हा माणूस आधी मेंढपाळ आणि सैनिक होता, पुढे ग्रानाडात पुस्तकं विकत असे. एका प्रवचनाने तो इतका हलला की लोकांनी वेडा ठरवून त्याला इस्पितळात डांबलं. तिथे मनोरुग्णांना मिळणारी वागणूक त्याने स्वतः भोगली आणि बाहेर आल्यावर ग्रानाडातच गरिबांसाठी स्वतःचं इस्पितळ उभं केलं. ८ मार्च १५५० रोजी तो वारला. १६९० मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या संघाचं काम आजही रुग्णसेवेचंच आहे. जर्मन भाषक त्यांना 'बार्महेर्झिगे ब्र्युडर', करुणाळू बंधू, म्हणतात.

गोव्याच्या वाचकांना ही खूण ओळखीची वाटेल. जुन्या गोव्यात, मोन्त सांत टेकडीवर, सांता मोनिका मठाच्या शेजारीच या संघाचा मठ होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो उभा राहिला. पोर्तुगीज सरकारने १८३०च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले, त्यात तोही गेला. व्हिएन्नाच्या आसपास आणि मांडवीच्या काठी एकाच संघाचे बंधू रुग्णांची सेवा करत होते. ही मिस्सा त्यांच्या संताच्या नावाने आहे.

हायडनचं या बंधूंशी नातं कसं जुळलं?

तरुणपणीच, आणि पोटापाण्यासाठी. व्हिएन्नात हालाखीचे दिवस काढत असताना १७५०च्या दशकात त्याला लेओपोल्डश्टाट भागातल्या करुणाळू बंधूंच्या चर्चमध्ये व्हायोलिनवादकांचा म्होरक्या म्हणून काम मिळालं. त्याचा समकालीन चरित्रकार ग्रिझिंगर याने हायडनच्या तोंडून ऐकून नोंदवलेला रविवारचा क्रम असा: सकाळी आठला बंधूंच्या चर्चमध्ये व्हायोलिन, दहाला काउंट हाउगविट्झच्या प्रार्थनाघरात ऑर्गन, अकराला सेंट स्टीफनच्या कॅथीड्रलमध्ये गायन.

१७६१ मध्ये तो एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत लागला. त्या घराण्याचं मुख्य ठाणं आयझेनश्टाट. तिथेही बंधूंचा मठ, इस्पितळ आणि त्याला जोडलेलं लहान चर्च होतं. ही मिस्सा त्या चर्चसाठी आहे. इस्पितळ अजून चालू आहे आणि चर्चही जागेवर आहे.

वाद्यं इतकी कमी का? व्हायोला, तुताऱ्या, नगारे काहीच कसं नाही?

मठाच्या चर्चमधली वाद्यवृंदाची जागाच लहान. पण हे केवळ जागेपुरतं नव्हतं. दोन व्हायोलिन आणि खर्ज, व्हायोला नाही, ही ऑस्ट्रियन चर्चमधली रुळलेली मांडणीच होती. साल्झबर्गमध्ये मोझार्टच्या लघु मिस्सा याच बांध्याच्या आहेत. तुताऱ्या आणि नगारे मोठ्या सणांसाठी राखलेले असत.

कमी वाद्यांचा एक फायदा कानाला लगेच कळतो. मधल्या पट्टीत गर्दी नसल्याने ऑर्गनच्या उजव्या हाताला मोकळी जागा मिळते. तिथे भरगच्च तंतुवाद्यं असती, तर लहान ऑर्गनचा कोवळा आवाज बुडाला असता.

ग्लोरिया सुरू होता होता संपते. काही सुटलं का?

सुटलं काहीच नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो यायलाच हवा, कारण सगळ्या रचनेची किल्ली इथे आहे.

ग्लोरिया ही लांबलचक स्तुती आहे. हायडनने ती अवघ्या ३१ मात्राखंडांत (स्वरलिपीतल्या बारांत) बसवली. मिनिटभरात खेळ खलास. हे साधलं कसं? चारही आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात. सोप्रानो एक वाक्य म्हणत असते, तेव्हा आल्टोच्या तोंडी त्यापुढचं, टेनरच्या तोंडी आणखी पुढचं, बासच्या तोंडी भलतंच. शेवटी 'आमेन'ला सगळे एकत्र येतात. मजकूर पूर्ण म्हटला जातो, ऐकू मात्र येत नाही. क्रेडोच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागातही हीच युक्ती आहे.

आता क्रेडोचा मधला भाग ऐका. देव मनुष्य झाला, क्रुसावर खिळला गेला, पुरला गेला, हे सांगणाऱ्या ओळी आल्या की हायडन थांबतो. लय संथ होते आणि शब्द स्पष्ट होतात. म्हणजे घाई सरसकट नाही. कुठे धावायचं आणि कुठे पाऊल रोवायचं हे त्याने नीट ठरवलेलं आहे.

पण शब्दच कळत नसतील तर ती प्रार्थना कसली?

प्रश्न रास्त आहे आणि त्या काळीही तो होता. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४९च्या परिपत्रकात चर्चच्या संगीतात शब्द समजलेच पाहिजेत असं बजावलं होतं. तरीही ऑस्ट्रियात ही पद्धत चालत राहिली.

त्यामागचं कारण विधीत आहे. त्या काळच्या लॅटिन विधीत धर्मगुरू वेदीपाशी सगळा मजकूर स्वतः म्हणतच असत. वृंदाने कसंही गायलं, तरी विधीच्या दृष्टीने शब्द पूर्ण झालेले असत. मात्र ग्लोरिया आणि क्रेडोच्या वेळी धर्मगुरूंचं म्हणून झालं की त्यांना वृंद संपेपर्यंत बसून राहावं लागे. सेवेतून आलेल्या बंधूंना आणि रुग्णांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून लांब मजकूर झपाट्याने.

बेनेडिक्टुसचं उलट होतं. तेव्हा ते सांक्तुसपासून तोडून, भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्रीकरणानंतर गायलं जाई. त्या वेळी धर्मगुरू मुख्य प्रार्थना अगदी हळू आवाजात, जवळजवळ मनातल्या मनात, म्हणत असत. चर्चमध्ये शांतता आणि हाताशी वेळ. मजकूर जेमतेम एका वाक्याचा: प्रभूच्या नावाने येणारा धन्य असो. घाई करायचं कारणच नाही. या मिस्सेत वेळेची वाटणी शब्दांच्या उलट आहे. जिथे शब्द थोडे, तिथे हायडन वेळ सढळ हाताने देतो. ग्लोरियात वाचवलेली मिनिटं त्याने बेनेडिक्टुसवर खर्च केली, असं मला ही रचना ऐकताना दर वेळी जाणवतं. लघु मिस्सा लिहिण्याची सक्ती त्याने निवड करण्याच्या संधीत बदलली.

बेनेडिक्टुसमध्ये नेमकं काय घडतं?

सूर बदलतो. आतापर्यंतचं बी फ्लॅट मेजर सोडून आपण ई फ्लॅट मेजरमध्ये येतो. पाश्चात्त्य कानाला हे वळण खाली, सावलीत उतरल्यासारखं लागतं. वृंद गप्प. व्हायोलिन अगदी मृदू, आणि त्यावर ऑर्गनचा उजवा हात एक लांब, नक्षीदार चाल मांडतो. गायिकेचा अजून पत्ता नाही. चाल पूर्ण फिरून जागेवर आली की सोप्रानो तीच चाल उचलते, शब्दांसह.

इथून पुढे दोघांचा संवाद. ती ओळ संपवते, तिच्या श्वासाच्या जागेत ऑर्गन एक लहानशी वेल काढतो. ती लांब स्वर धरते, तेव्हा ऑर्गन त्याखाली हलता राहतो. आपल्याकडे गायिका आणि संवादिनीची साथ ऐकलेल्या माणसाला हे देणंघेणं लगेच उमगेल. फरक एवढाच की इथे साथीदाराची प्रत्येक जागा लिहून ठेवलेली आहे, तरी ती त्या क्षणी सुचल्यासारखी वाटली पाहिजे. हीच या भागातली खरी परीक्षा.

मग वृंद 'ओसान्ना' घेऊन परततो आणि आपण पुन्हा मूळ स्वरात येतो. पूर्ण मिस्सेत सोप्रानोला एकटीने गायला मिळतं ते एवढंच. हायडनने बाकी सगळा वेळ तिला वृंदात ठेवलं, म्हणूनच ती इथे पुढे येते तेव्हा आपण सावरून बसतो.

मायकेल हायडनची ग्लोरिया म्हणजे काय?

योझेफचा धाकटा भाऊ मायकेल हा साल्झबर्गमध्ये दरबारी संगीतकार होता. त्याने नंतर या ग्लोरियाचा विस्तार केला: ३१ मात्राखंडांचे ११८ झाले. शब्द एकामागून एक, ऐकू येतील असे मांडले. काही ध्वनिमुद्रणांत ही लांब आवृत्ती असते, म्हणून दोन ध्वनिमुद्रणांच्या वेळेत तफावत दिसते.

मायकेलचं काम नेटकं आहे आणि भावाच्या कल्पनांशी प्रामाणिक आहे. प्रत्यक्ष उपासनेत शब्द कळावेत अशी अपेक्षा असेल तर तीच घ्यावी. पण कार्यक्रमात मी मूळची आखूड ग्लोरियाच निवडेन. लांब ग्लोरिया आली की वेळेचा तोल जातो आणि बेनेडिक्टुसचा निवांतपणा तितका उठून दिसत नाही.

छोटी आहे म्हणजे मोठीही आहे का?

आहे. हायडनने १७६८–६९च्या सुमारास ई फ्लॅट मेजरमध्ये एक मिस्सा लिहिली, ती 'ग्रोसे ओर्गेलमेसे', मोठी ऑर्गन मिस्सा. तिच्यात चार एकल गायक आहेत आणि दोन इंग्लिश हॉर्न. या वाद्याचा सूर शहनाईच्या कुळातला, पण खोल आणि किंचित उदास. ऑर्गनला तिथे एकापेक्षा जास्त भागांत एकल जागा आहेत. वैभव तिथे जास्त, जिव्हाळा इथे.

मोझार्टचीही एक आहे: सी मेजरमधली, मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीतली २५९ क्रमांकाची. तिच्यातही बेनेडिक्टुसलाच ऑर्गन पुढे येतो. वेळेचं बंधन तिथेही होतं. आर्चबिशप कोलोरेडोंच्या साल्झबर्गमध्ये संपूर्ण मिस्सा पाऊण तासाच्या वर जाता कामा नये, असं मोझार्टने सप्टेंबर १७७६ मध्ये पाद्री मार्तिनींना पत्रातून कळवलं आहे.

हायडनची १७९८ची 'नेल्सन मिस्सा'ही या यादीत आणावी लागते. एस्टरहाझी राजपुत्राने सुषिरवादकांना (फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वादकांना) कामावरून कमी केलं होतं. त्यांच्या अभावी हायडनने ऑर्गनला बरंच काम दिलं. तिथला ऑर्गन मात्र करारी आहे, तुताऱ्या-नगाऱ्यांच्या सोबतीने वाजणारा.

शेवट इतका हळू का?

त्या काळच्या बऱ्याच ऑस्ट्रियन मिस्सा 'दोना नोबिस पाचेम', म्हणजे आम्हांला शांती दे, या ओळीला जलद आणि दणदणीत करतात. लोक चर्चमधून हसतमुखाने बाहेर पडावेत असा रिवाज. हायडनने इथे संपूर्ण आग्नुस देई संथ ठेवलं आणि शांतीची मागणी खालच्या आवाजातच संपवली. इस्पितळाच्या चर्चला हे शोभतं.

आमच्या वृंदाला ही बसवायची आहे. झेपेल का?

वृंदाच्या ओळी हौशी गायकांना आवाक्यातल्या आहेत. बारा-सोळा जणही पुरतात. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली ग्लोरिया आणि क्रेडोत. प्रत्येक आवाज वेगळे शब्द म्हणत असल्याने शेजाऱ्याचा आधार घेता येत नाही. आधी चारही गटांना फक्त शब्द, लयीत, सुराशिवाय म्हणायला लावा. स्वर नंतर चढवा. उलट क्रमाने गेलात तर सराव वाढतच जाईल.

दुसरी बेनेडिक्टुसमध्ये. गायिका आणि ऑर्गनवादक यांना वृंदापासून वेगळा वेळ द्या आणि जमल्यास त्यांना एकमेकांना दिसेल असं बसवा. श्वास एकत्र घेता आला की अर्धं काम होतं.

लॅटिन उच्चार आधीच ठरवा. आपल्याकडच्या कॅथलिक वृंदांना इटालियन वळण सवयीचं: 'आन्युस', 'पाचेम', 'चेली'. हायडनच्या ऑस्ट्रियात 'आग्नुस', 'पात्सेम', 'त्सेली' म्हणत. दोन्ही चालतं, मिसळलेलं मात्र कानाला खुपतं.

पाइप ऑर्गन नसेल तर?

मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलसारख्या मोजक्या ठिकाणी पाइप ऑर्गन आहेत. बाकी बहुतेकांना इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरच भागवावं लागतं आणि या मिस्सेसाठी ते चालून जातं. हायडनच्या मनात कॅथीड्रलचा अजस्र ऑर्गन नव्हताच. पायाने वाजवायचे पेडलही अपरिहार्य नाहीत, कारण खर्ज तंतुवाद्यं सांभाळतात.

फक्त कीबोर्डवरचा 'चर्च ऑर्गन' नावाचा तयार आवाज टाळा. तो बहुधा सगळे स्टॉप एकदम ओढल्यासारखा असतो. बासरीसारखा साधा ८ फुटी आवाज निवडा, बेनेडिक्टुसमध्ये त्यावर हलका ४ फुटी जोडा. (हे फूट म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या नळीची लांबी. ४ फुटी संच एक सप्तक वर वाजतो.) कंपन आणि कृत्रिम घुमारा बंद ठेवा. खरा पाइप ऑर्गन असेल, तर व्हायोलिनवाल्यांनी त्याच्या सुराला लावून घ्यायचं. नळ्यांचा सूर खोलीच्या तापमानाप्रमाणे चढतो-उतरतो, म्हणून कार्यक्रमाच्या वेळेआधी, पंखे-एसी तेव्हा असतील तसेच ठेवून, पुन्हा तपासा.

प्रत्यक्ष उपासनेत ही अजून गायली जाते का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकांच्या भाषेत आली. वसईला ती मराठीत होते, गोव्यात कोंकणीत. त्यामुळे अशा लॅटिन रचना मुख्यतः कार्यक्रमांत ऐकायला मिळतात. ऑस्ट्रियात मात्र परंपरा जिवंत आहे. व्हिएन्नाच्या आउगुस्टिनर चर्चमध्ये रविवारी अकराच्या उपासनेत हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्या मिस्सा वृंद आणि वाद्यवृंदासह होतात. व्हिएन्नाला जाणं झालं तर तो रविवार मोकळा ठेवा, आणि चर्चमध्ये मागच्या बाजूला बसा. ऑर्गन आणि वृंद मागच्या गॅलरीतून ऐकू येतात.

स्वरलिपी कुठे मिळेल?

रचना कधीच स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहे, त्यामुळे जुन्या आवृत्त्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक स्वरलिपी-संग्रहांत फुकट मिळतात. छापील, संपादित प्रत घेणार असाल तर मागवण्याआधी ग्लोरिया कोणती छापली आहे ते विचारून घ्या, योझेफची की मायकेलची, आणि वाद्यांच्या वेगळ्या प्रती त्याच आवृत्तीच्या मागवा.